बदली गुरुजींची झाली, ट्रिगरची नाही! गुगल फॉर्म, शीट आणि स्क्रिप्टचा चार्ज कसा द्यावा?



बदलीचा आदेश आला की चार्ज देणं-घेणं सुरू होतं. जनरल रजिस्टर, कॅशबुक, डेडस्टॉक, पोषण आहाराचा साठा, कपाटाच्या किल्ल्या. यादी होते, दोघांच्या सह्या होतात आणि गुरुजी कार्यमुक्त. या यादीत एक गोष्ट मात्र सहसा नसते. ती म्हणजे शाळेसाठी बनवलेले गुगल फॉर्म, त्यांची शीट आणि त्यामागे आपोआप चालणारी कामं. ही कामं बहुतेक वेळा एखाद्या शिक्षकाच्या स्वतःच्या जीमेलवर उभी असतात. तो चार्ज नीट कसा द्यायचा, ते आज पाहू.

आपल्या ओळखीचंच उदाहरण घ्या. शाळेची ऑनलाइन प्रश्नमंजुषा. मूल फॉर्म भरून सबमिट करतं. शीटमध्ये एक ओळ पडते. अ‍ॅप्स स्क्रिप्ट गुण बघते, स्लाइड्समधल्या प्रमाणपत्राच्या नमुन्यावर मुलाचं नाव टाकते, त्याची पीडीएफ करून फोल्डरमध्ये ठेवते आणि पालकांच्या ईमेलवर पाठवते. आपण झोपलेलो असलो तरी हे चालतं. कारण स्क्रिप्टला एक ट्रिगर लावलेला असतो : फॉर्म सबमिट झाला की हे काम कर.

आता बघा, यात फॉर्म, शीट, स्लाइड्सचा नमुना आणि पीडीएफचं फोल्डर या ड्राइव्हमधल्या गोष्टी झाल्या. शीटच्या किंवा फॉर्मच्या पोटात लिहिलेली स्क्रिप्ट त्या फाईलबरोबरच जाते. पण ट्रिगर ही फाईल नाही. ज्याने तो लावला, त्याच्या खात्याच्या नावावर तो असतो आणि त्याच्याच अधिकाराने चालतो. फाईलचा मालक बदलला म्हणून ट्रिगरचा मालक बदलत नाही. सगळी मेख इथे आहे.

शाळा व्यवस्थापन समितीचं बँक खातं आठवा. मुख्याध्यापक बदलले तरी खातं तेच राहतं, पण बँकेत सहीचा नमुना बदलून द्यावा लागतो. ट्रिगर म्हणजे ती सही समजा. फरक इतकाच की इथे बँकेसारखं कुणी विचारत नाही. जुनी सही गुपचूप चालत राहते. पालकांना मेल जातो तो बदलून गेलेल्या सरांच्या पत्त्यावरून, पालक उत्तर पाठवतात तेही त्यांनाच. आणि एखाद्या दिवशी नव्या बाईंनी शीटच्या शेअरिंगमधून सरांचं नाव काढलं की ट्रिगर बंद पडतो. तो बिघडल्याची सूचना कुणाला जाते? ज्याने तो लावला त्याला, म्हणजे पुन्हा सरांनाच! इकडे मुलं विचारत राहतात, आमचं प्रमाणपत्र का आलं नाही.

आणखी एक अडचण म्हणजे दुसऱ्याच्या खात्याने लावलेला ट्रिगर आपल्याला दिसतच नाही. नव्या बाई ट्रिगरच्या पानावर गेल्या तर त्यांना ते रिकामं दिसेल. त्यांना वाटेल ट्रिगर नाहीच, म्हणून त्या नवा लावतील. मग दोन्ही चालतील आणि एकेका मुलाला दोन-दोन प्रमाणपत्रं जातील. साध्या जीमेल खात्याला स्क्रिप्टमधून दिवसाला १०० जणांनाच मेल पाठवता येतो, हेही या वेळी ध्यानात ठेवा. मोठी स्पर्धा चालू असताना हस्तांतरण करू नका.

दोन्ही खाती साधी जीमेल असतील तर काम सोपं आहे. संगणकावर ड्राइव्ह उघडा. फाईल आधी नव्या शिक्षकांना एडिटर म्हणून शेअर करा, मग त्यांच्या नावापुढच्या बाणातून 'ट्रान्सफर ओनरशिप' निवडा. त्यांना मेल जाईल. त्यांनी तो स्वीकारेपर्यंत मालक तुम्हीच, त्यामुळे "मी पाठवलंय" एवढ्यावर थांबू नका, त्यांनी स्वीकारलं का ते विचारा. फॉर्मचं वेगळं, शीटचं वेगळं, स्लाइड्सचं वेगळं असं प्रत्येकाचं करावं लागतं. नुसतं फोल्डर दिलं तर फोल्डरच जातं, आतल्या फाईलींचे मालक तेच राहतात. इथे पुष्कळ जण फसतात.

फाईली गेल्या की जुन्या शिक्षकांनी आपला ट्रिगर काढायचा आणि लगेच नव्या शिक्षकांनी आपल्या खात्यातून लावायचा. क्रम हाच ठेवा. नव्या खात्याला गुगल परवानगी विचारेल आणि बहुधा 'हे अ‍ॅप पडताळलेलं नाही' असा इशारा दाखवेल. स्क्रिप्ट आपल्याच माहितीच्या शिक्षकाने लिहिलेली असेल, तर 'अ‍ॅडव्हान्स्ड'मधून पुढे जाता येतं. कुठूनतरी आलेली अनोळखी स्क्रिप्ट असेल तर मात्र अजिबात पुढे जाऊ नका.

खरी कसरत पुढेच आहे. काही शाळांना स्वतःच्या डोमेनची गुगल वर्कस्पेस खाती मिळाली आहेत. तुमचा फॉर्म स्वतःच्या जीमेलवर आहे आणि तो शाळेच्या खात्यावर न्यायचाय. तर अशी मालकी थेट बदलता येत नाही. शाळेच्या खात्यात प्रत करावी लागते. शीटची प्रत केली की तिला जोडलेल्या फॉर्मची आणि पोटातल्या स्क्रिप्टचीही प्रत होते, इथवर छान. पण ट्रिगरची प्रत होत नाही. स्क्रिप्ट प्रॉपर्टीजमध्ये काही साठवलं असेल तर तेही येत नाही. आणि स्क्रिप्टमध्ये स्लाइड्सच्या नमुन्याचा आणि फोल्डरचा जो लांबलचक आयडी लिहिलेला असतो, तो जुन्याच फाईलींचा राहतो. म्हणजे काम नव्या खात्यातून चाललंय आणि प्रमाणपत्रं साठतायत जुन्या सरांच्या ड्राइव्हमध्ये! हे आयडी एकेक करून बदला. आयडी म्हणजे फाईलच्या लिंकमधला अक्षर-अंकांचा मोठा तुकडा.

फॉर्मची लिंकही बदलते. वर्गाबाहेर चिकटवलेला क्यूआर कोड, पालकांच्या ग्रुपवर टाकलेली लिंक, सगळं जुन्या फॉर्मकडेच जातं. जुना फॉर्म लगेच डिलीट करू नका. त्यात उत्तरं घेणं बंद करा आणि बंद फॉर्मवर दिसणाऱ्या संदेशात नवी लिंक लिहा.

काही मंडळी स्क्रिप्टचं वेब पानही बनवतात, निकाल बघायला. तिथे दोन लिंक असतात. शेवटी 'डेव्ह' असलेली लिंक सरावाची, ती फक्त स्क्रिप्ट एडिट करू शकणाऱ्यांना उघडते. शेवटी 'एक्झेक' असलेली सगळ्यांसाठी. हे पान 'मी म्हणून चालव' असं ठेवलेलं असेल तर ते प्रकाशित करणाऱ्याच्या अधिकाराने चालतं, म्हणजे पुन्हा तीच सहीची गोष्ट. नव्या खात्यातून नवं डिप्लॉयमेंट करा आणि पालकांना नवी लिंक द्या.

एवढं करण्यापेक्षा जीमेलचा पासवर्डच देऊन टाकू, असं काहींना वाटतं. कृपया असं करू नका. त्या खात्यात तुमचे फोटो, बँकेचे मेल, सगळं असतं. आणि गुगल पुन्हा पडताळणी मागतं तेव्हा ओटीपी तुमच्याच मोबाइलवर येतो, मग नवे शिक्षक फोन करत बसतात. शाळेसाठी वेगळं जीमेल काढलं असेल तर पासवर्डबरोबर रिकव्हरीचा मोबाइल नंबरही बदलून द्या. असं खातं २ वर्षं कुणी वापरलंच नाही, तर गुगल ते त्यातल्या फाईलींसकट काढून टाकू शकतं.

याहून मोठी गोष्ट माहितीची आहे. त्या शीटमध्ये मुलांची नावं, पालकांचे मोबाइल नंबर, कधी जन्मतारखाही असतात. गावातून निघून गेलेल्या माणसाच्या खाजगी खात्यात ती वर्षानुवर्षं पडून राहणं योग्य नाही, माणूस कितीही चांगला असला तरी. म्हणून हस्तांतरण झाल्यावर जुन्या शिक्षकांनी उरलेल्या प्रती काढाव्यात, नव्या शिक्षकांनी शेअरिंगमधून त्यांचं नाव काढावं.

मात्र हे शेवटी करायचं. आधी दोघांनी शेजारी बसून एक खोटं उत्तर भरून बघा. प्रमाणपत्र आलं का, मेल कुणाच्या पत्त्यावरून आला, पीडीएफ कुणाच्या ड्राइव्हमध्ये पडली, हे तिन्ही तपासा. नमुन्यावर जुन्या मुख्याध्यापकांची सही आहे का तेही बघा, ती कुणाच्या लक्षात राहत नाही. रोज संध्याकाळी चालणारा वेळेचा ट्रिगर असेल तर एक संध्याकाळ जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी स्क्रिप्टच्या 'एक्झिक्युशन्स' पानावर तो चालल्याची नोंद नव्या शिक्षकांना दिसली की मग जुन्यांचा प्रवेश बंद करा आणि चार्जच्या यादीत ही ओळ लिहून सह्या घ्या.