प्रचंडगडची मोहीम आणि तिच्या पिशवीतली पुस्तकं

विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ, सुधागड. एखाद्या अद्भुत कादंबरीच्या आतल्या नकाशावर शोभावीत अशी ही नावं भोर संस्थानाच्या पाच तालुक्यांची होती, सरकारी दप्तरातली. पंत सचिवांचं हे संस्थान 1948 मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं. प्रचंडगडाच्या, म्हणजे तोरण्याच्या, पायथ्याचा मुलूख पुढे वेल्हे तालुका म्हणून ओळखला गेला आणि 2024 मध्ये राज्य सरकारनं त्याचंही नाव राजगड करायचं ठरवलं. मला जो खेळ खेळवायचा होता, त्याचं अर्धं काम या नावांनीच करून ठेवलं होतं.

खेळ टेबलाभोवती बसून खेळायचा. पाचसहा जण, वीस पैलूंचा एक फासा, कागद-पेन्सिल. एक जण गेममास्टर. तो जग उभं करतो, बाकीचे त्या जगातली एकेक व्यक्ती होतात: कोणी हेर, कोणी वैदू, कोणी पळून आलेला शिपाई. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही, गोष्ट पुढे सरकते. असा लांबलेला डाव वर्षानुवर्षं चालतो. इंग्रजीत त्याला कॅम्पेन म्हणतात. आपल्याकडे मोहीम हा शब्द आहे आणि सह्याद्रीत तो अजून रोजच्या वापरातला आहे.

अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी 1974 मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ बाजारात आणला, तेव्हापासून या खेळाभोवती पुस्तकांचं रान माजलं. कल्पित प्रदेशाची माहिती देणाऱ्या जाडजूड ग्रंथांना सोर्सबुक म्हणतात. गायगॅक्सनं 1979 च्या गेममास्टरसाठीच्या ग्रंथात एक परिशिष्ट जोडलं, आपण काय वाचून हे जग रचलं त्याची यादी. टोल्किन, रॉबर्ट हॉवर्ड, जॅक व्हान्स, लव्हक्राफ्ट. त्या यादीवरून खेळाचं रंगरूप कळतं: तलवारबहाद्दर, पडके मनोरे, जमिनीखालचा खजिना. यादी वेगळी असती तर खेळही वेगळा झाला असता. म्हणून सोर्सबुक निवडण्याला मी फार महत्त्व देतो. आपल्या जगात काय काय घडू शकतं, हे तिथंच ठरतं.

माझी पहिली निवड चुकली. एड ग्रीनवुड या कॅनडातल्या ग्रंथालयात काम करणाऱ्या लेखकानं लहानपणापासून रचलेलं ‘फॉरगॉटन रेल्म्स’चं जग 1987 मध्ये प्रसिद्ध झालं. ते फार सुंदर जग आहे. मी तेच उचललं, नावं बदलली आणि वेल्ह्यातल्या एका घरी, पावसानं कोंडलेल्या चार दिवसांत डाव मांडला. सुरुवात अगदी ठरलेली: तुम्ही सगळे संध्याकाळी गावाच्या खाणावळीत बसला आहात, कोपऱ्यातला एक म्हातारा तुम्हाला खुणावतो.

भाचा म्हणाला, “मामा, गावात खाणावळ कुठली? पाव्हणा देवळात नाहीतर चावडीत उतरतो. आणि पाटलाला विचारल्याबिगर मुक्काम कसा करायचा?”

मी म्हणालो, बरं, देवळात उतरलात. लगेच दुसरीनं विचारलं, “पाणी कुठून आणायचं? आम्ही कोण म्हणून आलोय? आम्हाला विहिरीवर जाऊ देतील का?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तीनशे पानांच्या त्या ग्रंथात ड्रॅगनच्या वयानुसार त्याची ताकद दिली होती. विहिरीवर कोणी जायचं आणि कोणी नाही, हे नव्हतं. डाव तिथंच थांबवला.

पुण्याला परतल्यावर पहिलं पुस्तक उघडलं ते त्रिंबक नारायण आत्रे यांचं ‘गावगाडा’. 1915 चं. पाटील, कुलकर्णी, चौगुला, बारा बलुतेदार, अलुतेदार. कोणाचं काम काय, खळ्यावर कोणाला काय मिळतं, कोणाचा मान कुठं आणि भांडण कशावरून. इंग्रजी खेळात योद्धा, चोर, जादूगार असे वर्ग असतात. इथं सुतार, लोहार, न्हावी, गुरव, महार, रामोशी आहेत, आणि प्रत्येकाला काही माहीत आहे जे दुसऱ्याला माहीत नाही. गावात कोण आलं-गेलं ते आधी महाराला कळतं, देवळाच्या आतलं गुरवाला. एवढ्यावर सहा महिने मोहीम चालते.

पण हे पुस्तक जपून वापरावं लागतं. फिरस्त्या जमातींबद्दल लिहिताना आत्र्यांची नजर कडक होते, गावावरचं ओझं म्हणून ते त्यांच्याकडे बघतात. इंग्रज सरकारनं तर 1871 च्या कायद्यानं काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं. आता ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मधला ऑर्क आठवा: जन्मानंच दुष्ट, दिसला की मारायचा. 2020 मध्ये त्या खेळाच्या प्रकाशकांनी हे बदलायचं जाहीर केलं. त्या कायद्याचे चटके ज्या मातीत बसले, तिथं असा खेळ मांडताना मला जाहीरनाम्याची वाट बघायची नव्हती. आमच्या टेबलावर पहिला नियम तोच आहे: कोणतीही जात, कोणतीही जमात राक्षसांच्या यादीत जाणार नाही. आणि विहिरीचा प्रश्न आला तर तो झाकायचा नाही, खेळायचा.

दुसरं पुस्तक रामचंद्रपंत अमात्यांचं ‘आज्ञापत्र’. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातलं. दुर्गांचं प्रकरण मी किती वेळा वाचलं असेन, गणती नाही. अमात्य सांगतात, गड बांधण्याआधी पाणी पाहा. नसेल आणि जागा सोडता येत नसेल तर खडक फोडून टाकी करा. एक झरा आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नका. लढाईत तोफांच्या आवाजानं झरे आटतात आणि तेव्हाच पाणी जास्त लागतं, म्हणून जादा साठे राखा. किल्ल्याला एकच दरवाजा हा मोठा दोष. दोनतीन दरवाजे आणि चोरदिंड्या करून ठेवाव्यात, रोजच्या राबत्याला लागतील तेवढ्या उघड्या, बाकीच्या चिणून टाकाव्यात. आता राजगडाच्या पद्मावती माचीकडे चढणारी चोरदरवाजाची वाट डोळ्यांपुढे आणा. वेढ्यातल्या रात्री आत अडकलेल्या खेळाडूंना ठाऊक आहे की कुठंतरी एक दिंडी चिणलेली आहे. कुठली, हे माहीत असलेला गवंडी पाण्याविना तापानं फणफणलाय. फासा टाका! आमच्या मोहिमेतली सगळ्यात थरारक रात्र अशी झाली, आणि तिच्यात एकही जादू नव्हती.

जादूसाठी मात्र वेगळी पुस्तकं लागतात. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन 21 डिसेंबर 1909 ला अनंत कान्हेरे यांच्या गोळीनं मारला गेला, हे शाळेत शिकलो. त्याच जॅक्सननं लोकसमजुतींची टिपणं जमवली होती, हे फार उशिरा कळलं. शाळामास्तरांना प्रश्नावली पाठवून आलेल्या उत्तरांमधून ती तयार झाली आणि कोकणचा भाग एन्थोव्हेन या संकलकानं 1915 मध्ये प्रसिद्ध केला. मुंजा, हडळ, समंध, खवीस, झोटिंग, सात आसरा, वेताळाची पालखी. प्रत्येकाचं राहण्याचं झाड, यायची वेळ, लागायचं कारण आणि उतरवायचा उपाय. मास्तर लिहितो त्या सुरात, कोरडेपणानं. मला हेच हवं होतं. भूत लागतं ते कोणाची तरी इच्छा राहून गेली म्हणून. तेव्हा त्याला तलवारीनं मारण्यात अर्थ नाही, राहिलेलं काम शोधून पुरं करावं लागतं. आमचा मुंजा तीन बैठका पुरला. घाटाखालचे मास्तर जे लिहितात ते घाटावर जसंच्या तसं लागू होत नाही, तेवढी तडजोड मी केली.

देवांच्या बाबतीत मात्र तडजोड नाही. 1980 मध्ये अमेरिकेत देवदेवतांचं एक सोर्सबुक निघालं, त्यात आपले देवही होते: प्रत्येकापुढे किती घाव सोसेल त्याचा आकडा. तोरण्यावरच्या मेंगाईपुढे असा आकडा लिहायला माझा हात धजणार नाही. गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाचं बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्यावरचं पुस्तक जवळ ठेवलं तर तशी गरजही पडत नाही. त्यात देव मेंढरांबरोबर चालतात, वाटेत मुक्काम करतात, भक्ताच्या मागे नव्या गावाला येतात. त्याच्या जोडीला हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या, लाखाहून जास्त. आमच्या जगातली बाईमाणसं बोलायला लागली ती या ओव्या ऐकल्यावर. 2022 मध्ये मिमी मंडल यांनी बंगालच्या मातीतून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’साठी शंखभूमी हा प्रदेश रचला, तेव्हा वाटलं की हे होऊ शकतं.

राहिला खजिना. तोरण्याची डागडुजी करताना धन सापडलं आणि त्यातून मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड उभा राहिला, अशी परंपरा आहे. मूळ इंग्रजी खेळात सोनं मिळालं की खेळाडूचा अनुभव वाढायचा, एका नाण्याला एक गुण. आमच्याकडे सोनं सापडलं की सगळे विचारतात, याचं बांधायचं काय? सभासदाच्या बखरीत शेवटी संपत्तीची मोजदाद आहे. होन, पुतळ्या, मोहरा, कापड, मसाले, धान्य. तो भाग माझ्या पिशवीत कायम असतो.

लोक मला विचारतात, महाराज तुमच्या खेळात येतात का? नाही. कोणाच्याही फाशावर महाराजांचं बोलणं ठरावं, हे मला पटत नाही. मी मोहीम 1704 नंतर मांडली आहे. औरंगजेबानं त्या वर्षी राजगड घेऊन नाव ठेवलं नबीशाहगड, आणि तोरणा लढून घेऊन फुतुहुल्गैब, म्हणजे अदृश्यातून आलेला विजय. एकाच डोंगराला तीन नावं. अंधारात पहाऱ्यावरचा माणूस विचारतो, “कुठून आलात?” खेळाडू कोणतं नाव उच्चारतो त्यावर त्याचा जीव अवलंबून. तोरणा म्हणालात तर गावचे, प्रचंडगड म्हणालात तर स्वराज्याचे, तिसरं म्हणालात तर छावणीचे.

यंदा दिवाळीनंतर पुढची बैठक आहे. गडाला वेढा पडलाय आणि भाच्याला हवा आहे पाण्याचा हिशेब: टाकी किती, कोणत्या माचीवर, कार्तिकात कुठलं भरलेलं असतं. माझ्या कुठल्याच पुस्तकात हे त्याच्या मनासारखं नाही. तेव्हा ठरलंय, पहाटे वेल्ह्यातून निघायचं, बिनी दरवाजानं चढायचं, दोरीला गाठी मारून प्रत्येक टाक्याची खोली मोजायची. दोरी त्यानं आणून ठेवली आहे.