कोणतं 'फ्रँकेन्स्टाइन' घ्यायचं?

मी बी.ए.च्या वर्गाला इंग्रजी कादंबरी शिकवते. वर्ष सुरू झालं की मुलं विचारतात, "मॅडम, 'फ्रँकेन्स्टाइन' कुठलंही चालेल ना?" मी सांगते, आधी आत १८१८ची संहिता आहे की १८३१ची, ते बघा.

मेरी शेलीची ही कादंबरी १८१८मध्ये लंडनला तीन खंडांत, लेखिकेच्या नावाविना निघाली. १८३१च्या आवृत्तीसाठी तिने मजकुरात बरेच बदल केले. आधी एलिझाबेथ ही कादंबरीचा नायक व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइनची आतेबहीण होती. नंतर ती घरात आणून वाढवलेली परकी मुलगी झाली. पहिला व्हिक्टर मुख्यतः स्वतःच्या निर्णयांनी बुडतो, दुसऱ्याच्या तोंडी नियती वारंवार येते. 'दोष कोणाचा?' यावर वर्गात चर्चा घडवायची तर हा फरक फार मोलाचा आहे.

अडचण साधीही असते. व्हिक्टरने घडवलेला जीव प्रथम डोळे उघडतो, ते प्रकरण १८१८मध्ये पहिल्या खंडातलं चौथं, तर १८३१मध्ये पाचवं. वर्गात दोन्ही संहिता असल्या की निम्मा तास पान शोधण्यात जातो.

मी १८१८ची निवडते. तरुण मेरीचं धाडस तिथे जास्त थेट भेटतं. सोबत १८३१ची प्रस्तावना झेरॉक्स करून देते. १८१६च्या पावसाळी उन्हाळ्यात जिनिव्हाच्या सरोवराकाठी ही गोष्ट कशी सुचली, ते मेरी तिथे स्वतः सांगते.

टिपा, टाइप आणि किंमत त्यानंतर बघावी. संहिता कोणती हे ज्या पुस्तकात छापलेलंच नाही, ते स्वस्त असलं तरी वर्गासाठी घेऊ नये.