प्राध्यापकांसाठी ऑनलाइन कोर्स तयार करताय? व्हिडिओ मध्येच थांबवा!

आयआयटी मुंबईत प्रा. श्रीधर अय्यर आणि प्रा. सहाना मूर्ती यांच्या गटाने उभा केलेला ‘एलसीएम’ (लर्नर-सेंट्रिक मूक), म्हणजे शिकणाऱ्याला केंद्रस्थानी ठेवणारा ऑनलाइन कोर्सचा आराखडा मला फार आवडतो. त्यात व्हिडिओ मध्येच थांबतो, प्रश्न विचारतो, आधी स्वतः विचार करायला लावतो, मगच पुढे सरकतो. रात्री पेपर तपासून झाल्यावर एकट्याने शिकणाऱ्या प्राध्यापकाला हा थांबाच गुंतवून ठेवतो. व्हिडिओही छोटेच हवेत. एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या मंचावरच्या २०१४च्या अभ्यासात व्हिडिओ कितीही लांब असला तरी पाहणं साधारण ६ मिनिटांतच संपत होतं. आणि शेवटी नुसती एमसीक्यू चाचणी नको! स्वतःच्या विषयाचा एक तास नव्याने आखायला सांगा, त्यावर अभिप्राय द्या. तुमच्या कोर्सचा पहिला व्हिडिओ असा करून पाहा आणि अनुभव जरूर कळवा.