दुधात पाणी का नाही?

अकबर-बिरबलाची ती गोष्ट तुम्ही लहानपणी ऐकलीच असेल. बादशहाचं फर्मान निघालं, की रात्री प्रत्येकाने एक तांब्या दूध हौदात ओतायचं. प्रत्येकाने विचार केला, बाकीचे दूध ओतणारच आहेत, माझं तांब्याभर पाणी कोणाला कळतंय? सकाळी पाहतात तर काय, हौद नुसत्या पाण्याने भरलेला!

आमच्या विंगमध्ये गेल्या सेमिस्टरला असाच एक हौद होता. त्याचं नाव 'चहाचा डबा'. रात्रीच्या अभ्यासाला चहा हवा, म्हणून दर आठवड्याला प्रत्येकीने त्या बंद डब्यात २० रुपये टाकायचे असं ठरलं. पहिल्या आठवड्यात दहा जणींचे २०० रुपये जमले. तिसऱ्या आठवड्यात डबा उघडला तर ६०! चहा मात्र दहाही जणी प्यायल्या होत्या. मग संशय, टोमणे, अबोला. आणि खरं सांगते, पैसे न टाकणाऱ्यांत मीही होते. पैसे नव्हते म्हणून नाही, तर कोणाला कळणार नव्हतं म्हणून.

याचं गणित सोपं आहे. समजा एकत्र सामान आणल्यामुळे डब्यातल्या प्रत्येक रुपयाचा दोन रुपयांचा फायदा होतो आणि तो दहा जणींत सारखा वाटला जातो. मी २० टाकले तर ४० चा फायदा झाला, पण माझ्या वाट्याला आले फक्त ४. म्हणजे माझा १६ रुपये तोटा! सगळ्यांनी टाकले तर मात्र प्रत्येकीला ४० चा फायदा. गेम थिअरीत याला 'पब्लिक गुड्स गेम' म्हणतात. उत्क्रांतीचा नियम असा, की ज्याला फायदा जास्त त्याचा गुण पुढे पसरतो. मग जगात सगळे फुकटेच उरायला हवेत. तसं तर झालेलं नाही. का बरं?

उत्तर मला पुस्तकात नाही, राधानगरीकडच्या एका गावात मिळालं. माझ्या रूममेटच्या घरी सुट्टीला गेले होते. संध्याकाळी तिच्या आजीबरोबर दूध संस्थेत गेलो. १९६३ साली आपला जिल्हा दूध संघ, म्हणजे 'गोकुळ', स्थापन झाला आणि गावोगावच्या अशा संस्थांचं दूध त्याच्याकडे जाऊ लागलं. रांगेत आजी होत्या, एका म्हशीचं दोन लिटर दूध घेऊन. त्यांच्यामागे एक बागायतदार होते, दोन मोठ्या किटल्या घेऊन. कोणाची म्हैस, कोणाची गाय. म्हशीच्या दुधाचं फॅट साधारण ६-७ टक्के, गाईचं ३.५-४. माझी समजूत अशी, की एकजुटीला माणसं सारखी हवीत. इथे तर कोणीच कोणासारखं नाही!

पण प्रत्येकाच्या दुधाचा नमुना वेगळा तपासला जात होता. नुसता लॅक्टोमीटर पुरत नाही बरं का! दुधाची घनता पाण्यापेक्षा किंचित जास्त असते. फॅट हलकं असल्यामुळे साय काढली की घनता वाढते. मग थोडं पाणी घातलं की रीडिंग पुन्हा जागेवर! म्हणून फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून उरणारे घन पदार्थ, दोन्ही मोजतात आणि त्यावर दर ठरतो. मी आजींना विचारलं, "कोणी पाणी घालत नाही का?" आजी हसल्या, "घालून कुणाला फसवायचं, बाई? चिठ्ठीवर दिसतंय की!"

परत आल्यावर मी थोडं वाचलं. २००८ साली जॉन मॅकनामारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये एक मॉडेल मांडलं. सगळे एकसारखे असतील तर जोडीदार पारखून घेण्यात काही अर्थच नाही, पारखण्याची मेहनत वाया. पण लोक वेगवेगळे असतील तर पारखणं फायद्याचं ठरतं. आणि पारखणारे वाढले की प्रामाणिक असणं फायद्याचं ठरतं. म्हणजे वेगळेपण हा सहकार्यातला अडथळा नाही, उलट तिथूनच सुरुवात होते. दूध वेगवेगळं म्हणून तपासणी, आणि तपासणी आहे म्हणून चांगल्या दुधाला दर. आमच्या डब्याजवळही दहा जणी वेगळ्याच होतो, पण बंद डब्यात ते दिसत नव्हतं.

त्याच वर्षी 'नेचर'मध्येच सांतोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. सगळ्यांचे संबंध आणि वाटे सारखे नसलेल्या समाजात, किती दिलं यापेक्षा दिलं हे महत्त्वाचं असेल तर सहकार्य जास्त टिकतं. आपल्या सहकारी संस्थेचा नियम आठवा. दूध कितीही घाला, शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. पैसे दुधाप्रमाणे, पण मान सारखा.

हे आजींना फोनवर सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "हे तर खुलभर दुधाच्या कहाणीतच हाय!" मी पडले कॉन्व्हेंटची, मला ती कहाणी माहीतच नव्हती. राजाच्या धाकाने गावाने घरातलं सगळं दूध देवळात ओतलं तरी गाभारा भरला नाही. मुलांना, वासरांना पाजून उरलेलं खुलभर दूध घेऊन एक म्हातारी आली आणि गाभारा भरला.

असो. या सेमिस्टरला आमच्या विंगमध्ये डबा नाही, भिंतीवर कागद आहे. झेपेल तेवढे द्यायचे, कोणी ३०, कोणी ५. रक्कम लिहायची नाही, नावापुढे फक्त टिक. पहिल्या दिवशी मी आधी मागच्या आठवड्यांचे पैसे भरले आणि तसं सगळ्यांना सांगितलं. कोणी काही बोललं नाही. एकीने फक्त चहाचा कप पुढे केला.