वर केलेला हात

भायखळा, कामाठीपुरा आणि मदनपुरा यांच्या सांध्यावर नागपाडा नावाची जी दाट वस्ती आहे, तिचा परिचय वृत्तपत्रांच्या वाचकांना बहुधा गुन्हेवार्तांच्या रकान्यातून झालेला असतो. परंतु ज्यांना खेळांच्या इतिहासात रस आहे त्यांना हेही ठाऊक असते की, भारतीय बास्केटबॉलला या चिंचोळ्या गल्ल्यांनी अनेक नामांकित खेळाडू दिले, आणि भारतीय संघाचे कर्णधारपद भूषविणारे व १९७० सालच्या अर्जुन पुरस्काराचे मानकरी अब्बास मुंतसिर हे याच वस्तीतले. एकाच मोहल्ल्याच्या वाट्याला या दोन्ही प्रकारच्या कीर्ती का याव्यात, या कुतूहलाने मी त्या परिसरातील एका सिमेंटच्या कोर्टाकडे गेलो, आणि तेथे रोज संध्याकाळी चालणारे काम पाहत एका बाकावर बसू लागलो. वरवर पाहणाऱ्यास ती खेळाची शिकवणी वाटते. मला मात्र थोड्याच दिवसांत असे वाटू लागले की, तेथे चेंडू आणि रिंग ही केवळ साधने असून, जो गृहस्थ ती शिकवणी चालवितो त्याचे सारे लक्ष दोन मुलांमध्ये मारामारी होण्यापूर्वीच्या त्या चार-पाच क्षणांवर खिळलेले असते.

मुले त्यांना ‘सर’ म्हणतात. मूळचे रत्नागिरीकडचे, दिवसा एका कचेरीत कारकुनी करणारे, आणि पाच वाजता कचेरी सुटली की घरी न जाता थेट कोर्टावर येणारे. त्यांच्या पाठोपाठ दहा वर्षांपासून अठरा वर्षांपर्यंतची मुले येतात आणि येताच झाडू उचलतात, कारण कोर्ट स्वतः झाडल्यावाचून चेंडूला हात लावायचा नाही असा तेथला दस्तूर आहे. त्यानंतर हजेरीपट उघडला जातो. हा हजेरीपट कोणत्याही सरकारी दप्तरात सादर व्हायचा नसतो. त्याचा उपयोग एवढाच की, जो मुलगा सलग तीन दिवस आला नाही त्याच्या नावापुढे सर एक फुली मारतात, आणि त्या रात्री कोर्ट बंद झाल्यावर त्याच्या चाळीचे जिने चढून वर जातात. वडिलांकडे तक्रार करावयाची नसते, मुलाला जाब विचारावयाचा नसतो. चहा घ्यावयाचा, आजीच्या गुडघ्यांची चौकशी करावयाची, आणि निघताना, ‘उद्या येतोस ना?’ एवढेच म्हणावयाचे. त्या तीन दिवसांत मुलगा कोठे होता हे तोवर त्यांना बहुधा कळलेले असते. शाळा सुटलेली, काम लागलेले नाही, आणि नाक्यावर कोणीतरी त्याला नवा मोबाइल देऊ केला आहे, अशी ती एकंदर हकीकत असते.

कोर्टावर चमू पाडण्याचा अधिकार मुलांना नाही. ज्या दोन गल्ल्यांमध्ये खुन्नस चालू असेल त्या गल्ल्यांची मुले सर मुद्दाम एकाच चमूत घालतात, म्हणजे ज्याच्याकडे दिवसभर डोळे वटारून पाहिले त्याच्याकडेच चेंडू द्यावा लागतो, आणि तो दिला नाही तर गुण मिळत नाही. लहान मुलांना मोठ्यांच्या चमूत विखरून टाकतात. कारण बारा वर्षांचे पोर शेजारी धावत असताना सतरा वर्षांच्या मुलाला शिवीगाळ करण्याची, किंवा काल रात्रीचा पराक्रम तिखटमीठ लावून सांगण्याची, थोडी लाज वाटते. पुढे जो अमेरिकेतील दाखला सांगणार आहे त्याच्या प्रकाशात ही साधी व्यवस्था मला फार शहाणपणाची वाटली.

आता तेथे मी पाहिलेला एक प्रसंग. खेळ रंगात आला असता रिंगखाली उसळलेल्या एका मुलाचे कोपर दुसऱ्याच्या बरगडीत बसले. ते चुकून बसले की जाणून, हे मला कळले नाही. ज्याला लागले तो वळला, त्याने पहिल्याच्या छातीला छाती भिडवली, आणि एकाएकी कोर्टावरचा सारा आवाज थांबून उरलेली मुले त्या दोघांभोवती गोल करून उभी राहिली. माझी अपेक्षा होती की, सर धावत जाऊन त्या दोघांना अलग करतील. ते धावले नाहीत, आणि त्या दोघांकडे गेलेच नाहीत. ते गेले त्या गोलाकडे. एकाच्या हातात रिकामी कळशी देऊन त्याला पाण्याला पिटाळले, चौघांना पलीकडच्या रिंगवर फ्री थ्रोचा सराव करावयास धाडले, दोघा लहानग्यांना हजेरीपट आणि शिट्टी आणण्याच्या निमित्ताने खोलीकडे पाठविले. आणि अर्ध्या मिनिटात त्या गोलाच्या जागी मोकळे सिमेंट उरले. पाहणारे कोणी उरले नाही तेव्हा त्या दोघांच्या खांद्यांतला ताठा उतरलेला मला बाकावरूनही दिसला. किशोरवयातील मारामारी ही फार थोड्या वेळा त्या दोघांमधली असते. ती असते पाहणाऱ्यांसाठी, आणि ज्याने माघार घेतली त्याचे नाव उद्या नाक्यावर निघेल या भयापोटी. त्या भयाचे मूळ आधी काढून टाकल्यावर सर त्यांच्यापाशी गेले आणि ज्याचे कोपर लागले होते त्याला फक्त म्हणाले, ‘हात.’

या कोर्टावर, ज्याच्याकडून फाउल होईल त्याने स्वतः हात वर करून तो कबूल करावयाचा, असा नियम आहे. एके काळी हा शिष्टाचार बास्केटबॉलमध्ये सर्वत्र पाळला जात असे. सरांनी तो सोडलेला नाही. मुलगा उभा राहिला. सरही उभे राहिले. त्यांनी दुसऱ्यांदा सांगितले नाही, आवाज चढविला नाही, घड्याळाकडे पाहिले नाही. पलीकडच्या रिंगवर चेंडू आपटत राहिले, आणि अखेर त्या मुलाचा हात खांद्यापर्यंत, मग कानापर्यंत वर गेला. दुसऱ्याला दोन फ्री थ्रो मिळाले. त्याने एक चुकविला, आणि खेळ पुढे सुरू झाला.

सरांच्या दृष्टीने मात्र प्रकरण तेथे मिटले नव्हते. खेळ संपल्यावर दोघांनाही पायरीवर बसवून त्यांनी प्रत्येकाला घडलेली गोष्ट सांगावयास लावली, परंतु ती दुसऱ्याच्या बाजूने. ज्याला लागले त्याने ज्याचे कोपर होते त्याच्या मनात काय असेल ते सांगावयाचे, आणि उलट. हे फार अडखळत झाले. नंतर मी विचारले तेव्हा ते म्हणाले, ‘साहेब, इथं मिटलं नाही तर बाहेर मॅटर होतो. बाहेर मॅटर झाला की मांडवलीला कोणीतरी भाई येतो. तो मिटवतो, छान मिटवतो, पण मग पोरगा त्याचा होतो.’ इतक्या वर्षांत गुन्हेगारीवर जे काही वाचले त्यात, टोळीची भरती कशी होते हे इतक्या थोडक्या शब्दांत मला कोणी सांगितले नव्हते. मुलगा पैशाच्या लोभाने जातो हे अर्धे खरे. पुष्कळदा तो उपकाराच्या ओझ्याखाली जातो.

ज्या खेळाच्या आश्रयाने हे काम चालते त्याचा जन्मच मुळी अशा गरजेतून झाला. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड या गावी, ख्रिस्ती तरुण संघाच्या प्रशिक्षण विद्यालयात, जेम्स नेस्मिथ या शिक्षकाच्या स्वाधीन अठरा जणांचा एक अनावर वर्ग करण्यात आला. हिवाळ्यात बाहेर खेळता येत नव्हते आणि आतले व्यायाम त्या तरुणांना कंटाळवाणे वाटत होते. नेस्मिथने भिंतीलगतच्या सज्जाला पीचच्या दोन टोपल्या टांगल्या आणि चेंडू दिला. पहिल्या खेळाची परिणती गुद्दागुद्दीत झाली. डोळे काळेनिळे झाले, एकाचा खांदा निखळला, असे त्याने स्वतः १९३९ साली नभोवाणीवर सांगितले आहे. तेव्हा त्याने विचार केला की, चेंडू घेऊन धावणाऱ्याला पाडण्याची इच्छा होते, म्हणून चेंडू घेऊन धावूच द्यावयाचे नाही. टोपल्या डोक्यावर उंच व आडव्या ठेवण्यामागेही असाच विचार होता, की चेंडू जोराने फेकण्याऐवजी हलकेच उचलून टाकावा लागेल. त्याच्या तेरा नियमांपैकी एकाने ढकलणे, धरणे, पाय घालून पाडणे आणि मारणे निषिद्ध ठरविले. मनुष्यस्वभावावर व्याख्यान न देता खेळाची रचनाच अशी करावयाची की हिंसेला प्रयोजन उरू नये, ही ती कल्पना. आणि सरांनी कळशी देऊन मुलाला पाण्याला पाठविले तेव्हा तेच केले, असे मला वाटते.

नागपाड्यात अशा कामाची परंपराही जुनी आहे. १८१३ साली मुंबईत पाऊल टाकणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनने १९२० नंतरच्या दशकात या भागात नागपाडा नेबरहूड हाउस ही संस्था उभारली. लंडनच्या टॉयन्बी हॉलने १८८४ मध्ये आणि शिकागोच्या हल हाउसने १८८९ मध्ये जो पायंडा घातला होता, म्हणजे सुशिक्षितांनी वस्तीतच येऊन राहावे आणि तेथल्या लोकांबरोबर काम करावे, तोच येथेही होता. तिचे चालक डॉ. क्लिफर्ड मॅन्शर्ट यांच्याच नेतृत्वाखाली १९३६ साली याच वास्तूत समाजकार्याचे जे विद्यालय निघाले तेच आजची टाटा समाजविज्ञान संस्था होय. वाचनालय, वर्ग आणि खेळ ही तीन दारे एका अंगणात उघडली पाहिजेत, हा त्या काळचा आग्रह सरांच्या कोर्टालगतच्या खोलीत आजही दिसतो. तेथे सात वाजल्यापासून दहावीची मुले गणिते सोडवीत बसलेली असतात.

परंतु सदिच्छा पुरेशी नसते, याचा एक दाखला येथे दिलाच पाहिजे. मॅसेच्युसेट्समधील केंब्रिज आणि सॉमरव्हिल या शहरांत डॉ. रिचर्ड कॅबट यांच्या पुढाकाराने ५०६ मुलांच्या जोड्या लावण्यात आल्या, आणि प्रत्येक जोडीतील एकाला १९३९ ते १९४५ या काळात मार्गदर्शक, शिकवणी, वैद्यकीय मदत, उन्हाळी शिबिरे असे सर्व काही पुरविण्यात आले. दुसऱ्याला काहीच दिले नाही. तीस वर्षांनंतर जोन मॅककॉर्ड या विदुषीने त्या मुलांचा माग काढून १९७८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मदत मिळालेल्यांपैकी पुष्कळांना त्या उपक्रमाची आठवण गोड वाटत होती, आणि तरीही अनेक बाबतींत त्यांचेच आयुष्य अधिक बिघडलेले आढळले. पुढील विश्लेषणात दिसले की, ज्यांना एकाहून अधिक वेळा उन्हाळी शिबिराला पाठविले होते त्यांच्यात हा अपाय विशेष होता. दांडगी मुले एकत्र आली, एकमेकांच्या दांडगाईला हसली, आणि त्या हसण्यातून शिकली, असा त्याचा अर्थ अभ्यासकांनी लावला. मुलांना एका ठिकाणी गोळा केले म्हणजे काम झाले असे मानणाऱ्या प्रत्येक संस्थेने हा अहवाल वाचावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

याच्या उलट शिकागोत २००१ पासून ‘बिकमिंग अ मॅन’ नावाचा जो उपक्रम शाळांतून चालतो त्यात, आठवड्यातून एकदा, मुले एका प्रौढाबरोबर वर्तुळात बसतात. पहिल्याच दिवसांतला एक पाठ असा: दोघांची जोडी करून एकाच्या मुठीत चेंडू द्यावयाचा आणि दुसऱ्याला तीस सेकंदांत तो मिळविण्यास सांगावयाचे. मुले झोंबतात, बोटे पिरगळतात. मग तो प्रौढ विचारतो, मागून का नाही पाहिलेस? आणि मूठ आवळणाऱ्याला विचारतो, त्याने मागितला असता तर? बहुधा उत्तर येते की, दिला असता, नुसता चेंडूच तर होता. शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या मुलांची तुलना केली तेव्हा उपक्रम चालू असताना हिंसक गुन्ह्यांवरून होणाऱ्या अटका ४५ ते ५० टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. उपक्रम थांबल्यावर मात्र अटकांवरील तो परिणाम टिकला नाही. या दुसऱ्या निष्कर्षाने मी अधिक अस्वस्थ झालो, कारण आपल्याकडे अशा कामांना अनुदान मिळालेच तर ते वर्षादोन वर्षांचे असते.

सरकारचा हात येथे पोचतो तो घटनेनंतर. फिर्याद, पंचनामा, जामीन, सज्ञान झालेल्यांसाठी चांगल्या वर्तणुकीचा मुचलका, आणि लहानांसाठी डोंगरीचे निरीक्षणगृह. १९२४ सालच्या मुंबई बालक अधिनियमापासून २०१५ च्या बालन्याय अधिनियमापर्यंत कायदा पुष्कळ बदलला, आणि ताज्या कायद्याने सोळा ते अठरा वयाच्या मुलांवर अतिगंभीर गुन्ह्यांसाठी प्रौढांप्रमाणे खटला चालविण्याचा मार्गही मोकळा केला. पण चाळीचा जिना चढून, ‘उद्या येतोस ना?’ असे विचारण्याची तजवीज त्यांतल्या कोणत्या कलमाने केली? जेथे सरकारी अंमलदाराने हे मनावर घेतले तेथे फळही दिसले आहे. १९८४ च्या दंगलीत होरपळलेल्या भिवंडीत सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्याने १९८८ पासून मोहल्ला समित्या बांधल्या, आणि १९९२ च्या डिसेंबरात मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली.

सरांच्या कोर्टाला आज दोन अडचणी आहेत. एका बाजूने उभी केलेली वाहने दर महिन्याला थोडी थोडी आत सरकत आहेत, आणि सरांचे गुडघे आता त्यांना साथ देत नाहीत. पहिलीसाठी ते वॉर्डाच्या कचेरीत अर्ज घेऊन जातात. दुसरीसाठी त्यांनी एका एकोणीस वर्षांच्या मुलाला हाताशी घेतले आहे. हा मुलगा एके काळी कोर्टावरचा सर्वांत तापट खेळाडू होता, आणि म्हणूनच सरांनी त्याच्या गळ्यात शिट्टी घातली. फाउल कोणता हे त्याला अचूक कळते. गोल पांगविण्याची युक्तीही त्याने उचलली आहे, मात्र हात वर होईपर्यंत वाट पाहणे अद्याप त्याला जमत नाही, तो दुसऱ्यांदा बोलून बसतो. पुढच्या आठवड्यापासून सर त्याला रात्री घरोघरी बरोबर नेणार आहेत. हजेरीपटात सध्या चार फुल्या आहेत. त्यांपैकी दोन घरे तिसऱ्या मजल्यावर आहेत, आणि तेथे तो पुढे चढेल, सर मागून येतील, असे ठरले आहे.