शोभेच्या वृक्षांची गळणारी फळे व त्यांची व्यवस्था

घराचे अंगण, शाळेचे आवार, देवळाचा परिसर व ग्रामपंचायतीची कचेरी येथे छायेसाठी व शोभेसाठी वृक्ष लावण्याची पद्धत महाराष्ट्रात सर्वत्र आढळते. फुलांचा बहर असेपर्यंत या वृक्षांचे सर्वांनाच कौतुक वाटते. परंतु पुढे फळे गळू लागली म्हणजे तक्रारी सुरू होतात. शेंगा पायांखाली चिरडून जमीन चिकट होते, माशा जमतात आणि अखेर त्रासाला कंटाळून अनेक वर्षे जोपासलेला वृक्ष तोडला जातो. वस्तुतः कोणते फळ उपयोगाचे व कोणते अपायकारक हे ओळखून व्यवस्था ठेवल्यास वृक्ष तोडण्याची पाळी सहसा येत नाही.

पर्जन्यवृक्ष : हा वृक्ष मूळचा मध्य व दक्षिण अमेरिकेतील होय. उन्हाळ्यात याच्या काळपट शेंगांचा सडा पडतो. त्यांतील गर गोड व चिकट असून गुरे त्या आवडीने खातात. चाऱ्याच्या टंचाईच्या दिवसांत नेहमीच्या वैरणीस जोड म्हणून त्या थोड्या थोड्या द्याव्यात. शेंगा रोज वेचून उन्हात वाळवाव्यात व कोरड्या जागी पोत्यात साठवाव्यात. बुरशी आलेल्या शेंगा गुरांस न देता खताच्या खड्ड्यात टाकाव्यात. कठीण बिया पुष्कळदा न पचता शेणावाटे बाहेर पडून रुजतात; अशी रोपे लहान असतानाच उपटावीत.

बहावा : बहाव्याच्या दंडगोल शेंगा एक ते दोन फूट लांब असतात. पक्व शेंगा झाडावर बरेच दिवस लोंबत राहतात. त्यामुळे खाली पडून फुटण्यापूर्वीच आकडीने काढून घेणे सोयीचे होते. आतील काळा गर रेचक आहे. मुलांनी तो गोड म्हणून खाल्ल्यास जुलाब होतात. रोपांसाठी बी ठेवावयाचे असल्यास त्याचे टणक कवच किंचित घासून बी रात्रभर पाण्यात भिजवावे, म्हणजे उगवण चांगली होते.

बकुळ : बकुळीची पिकलेली फळे खाण्याजोगी असली, तरी खाली पडून राहिल्यास ती सडतात व त्यांत फळमाशीची वाढ होऊ शकते. फळमाशीची अळी फळातून बाहेर पडून जमिनीत कोशावस्थेत जाते व पुढे तिची माशी होऊन जवळच्या पेरू-आंब्यांना उपद्रव देते. याकरिता सडकी फळे खताच्या उघड्या ढिगावर न टाकता दोन फूट खोल पुरावीत.

कडुलिंब : पावसाळ्याच्या आरंभी पडणाऱ्या निंबोळ्या म्हणजे शेतकऱ्यास घरबसल्या मिळणारे कीडनाशकच होय. पिकलेल्या निंबोळ्यांचा गर धुऊन काढावा व बी सावलीत पूर्ण वाळवून हवेशीर पोत्यात ठेवावे. फवारणीच्या आदल्या सायंकाळी ५ किलो वाळलेले बी कुटून ९ लिटर पाण्यात भिजत घालावे. सकाळी ते फडक्यातून गाळून त्यात १ लिटर पाण्यात विरघळलेला २०० ग्रॅम साबण मिसळावा व एकूण द्रावण १०० लिटर करावे. मावा, तुडतुडे व लहान अळ्या यांवर हे उपयोगी पडते. द्रावण त्याच दिवशी वापरावे.

बिट्टी : पिवळ्या कण्हेरीचे हे झाड दिसण्यात मोहक असले, तरी त्याचे सर्व भाग विषारी आहेत. त्याच्या बीमधील विषाने हृदयाची क्रिया बिघडून मृत्यूही ओढवतो. मुले या बिया खेळण्यासाठी गोळा करतात, म्हणून शाळा व अंगणवाडीजवळ हे झाड लावू नये. गोठ्याजवळही लावू नये. पडलेली फळे हातमोजे घालून वेचावीत व खोल पुरावीत. कोणी बी खाल्ल्याचा संशय आला तरी लक्षणांची वाट न पाहता व घरगुती उपचारांत वेळ न दवडता त्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे. शक्य असल्यास फळ बरोबर न्यावे.

सर्वसाधारण दक्षता : फळे गळण्याच्या दिवसांत झाडाखाली जुनी पोती किंवा ताडपत्री अंथरावी व वर्दळ सुरू होण्यापूर्वी, सकाळीच, फळे गोळा करावीत. ती गटारात ढकलू नयेत. त्यामुळे पाणी तुंबते. नवीन वृक्ष लावताना त्याचा पुढील विस्तार ध्यानात घेऊन विहीर, गटार व पायवाट यांपासून योग्य अंतर सोडावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पावसाळ्यातील लागवडीपूर्वी गावातील सार्वजनिक वृक्षांची पाहणी करावी. बिट्टीची झाडे प्रथम हुडकून शिक्षक व पालक यांस धोका समजावून द्यावा आणि शाळेच्या आवारात ती असल्यास काढवून त्या जागी निर्धोक वृक्ष लावावेत. इतर वृक्षांच्या बाबतीत मात्र कुऱ्हाडीपेक्षा झाडू व टोपली यांनीच काम भागते, हे लोकांच्या मनावर बिंबवावे.