फुकट म्हणजे किती?

बर्लिन, नोव्हेंबर

परवा व्हिडिओ कॉलवर आजीने पुन्हा तोच प्रश्न विचारला. "फी घेनत नाय? आनी मागीर काय मागतले?"

मी गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या आगरवाड्याची. नावातच आगर आहे. मिठागरात ऊन आणि खारं पाणी सोडलं तर फुकट काही मिळत नाही, आणि ते खारं पाणीही बांधातल्या मानशीचं दार वेळेवर उघडलं तरच आत येतं. त्या गावातल्या बाईला परक्या देशाचं सरकार आपल्या नातीला बिनपैशाचं शिकवतं हे पटत नाही, यात तिची चूक नाही. मला तरी पहिले सहा महिने कुठे पटत होतं! म्हणून या वेळच्या पत्रात तिच्याच प्रश्नाचा हिशेब मांडते.

मी इथे फ्री युनिव्हर्सिटीत रसायनशास्त्रात एम.एस्सी. करते. या 'फ्री'चा फीशी संबंध नाही. 1948 मध्ये पूर्व बर्लिनमधल्या जुन्या विद्यापीठावर कम्युनिस्टांचा दाब वाढला, तेव्हा विद्यार्थी आणि प्राध्यापकांनी बाहेर पडून पश्चिम भागात, डालेम नावाच्या झाडीच्या उपनगरात हे नवं विद्यापीठ काढलं. म्हणजे 'फ्री' म्हणजे मुक्त. पण शिकवणीची फी शून्य, हेही खरंच. दर सहा महिन्यांनी मी साधारण साडेतीनशे युरो भरते. त्यातली निम्म्याहून जास्त रक्कम प्रवासाच्या पासाची. त्या पासावर बर्लिनच्या मेट्रोपासून देशभरातल्या साध्या रेल्वेगाड्यांपर्यंत सगळं चालतं. उरलेलं नोंदणी, विद्यार्थी संघ आणि विद्यार्थी कल्याण संस्थेला जातं. ही संस्था खाणावळी आणि वसतिगृहं चालवते.

खाणावळीला इथे मेन्सा म्हणतात. गल्ल्यावर कार्ड टेकवलं की त्यालाच कळतं आपण कोण ते. त्याच ताटाला विद्यार्थ्याला एक दर, कर्मचाऱ्याला दुसरा आणि पाहुण्याला तिसरा. माझ्यापुढे उभ्या असलेल्या माझ्याच प्राध्यापकबाईंनी बटाटे आणि मसुराच्या त्याच ताटाचे माझ्या जवळपास दुप्पट पैसे मोजले. चव म्हणाल तर मीठ कमीच. मी दप्तरात गावच्या मिठाची डबी ठेवते.

आता दुसरी बाजू. व्हिसा मागायला गेलं की जर्मनी आधी विचारते, वर्षभर खाणार काय? त्यासाठी 11,904 युरो एका गोठवलेल्या खात्यात अगोदर ठेवावे लागतात. रुपयांत बारा लाखांच्या घरात. पैसे आपलेच, पण महिन्याला 992 युरोच हातात येतात. बाबांनी पतसंस्थेतली ठेव मोडली, काकांनी उसने दिले, बाकीचं कर्ज. तेव्हा 'फुकट' शिक्षणाच्या दारापर्यंत पोचायला बारा लाख लागतात, हे एजंट सांगत नाहीत.

माझ्या वर्गातल्या सासष्टीच्या मुलीला मात्र यातलं काही लागलं नाही. तिच्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे. तिचे आजोबा आणि माझे आजोबा, दोघेही गोवा मुक्त झाला त्या 19 डिसेंबर 1961 च्या आधी जन्मलेले, दोघेही सालाझारची प्रजा. तिच्या घरच्यांनी लिस्बनला नोंदणी केली. आमच्याकडे बाबांनी कागद आणले आणि ते कपाटातच राहिले. ती युरोपची नागरिक म्हणून सरळ आली. आता तिला स्वतःच्या गावी जायला भारत सरकारची परवानगी लागते. कुणाचा सौदा बरा, यावर आम्ही दोघी मेन्सात बसून भांडतो, अर्थात कोकणीतून.

खोलीची गोष्ट थोडक्यात सांगते. वसतिगृहाची यादी इतकी लांब की नंबर लागेपर्यंत पदवी हातात येईल. मी चार महिन्यांत तीन घरं बदलली. कारण खोली मिळाली तरी पत्त्याची नोंदणी करायला घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. ते नसेल तर पुढची बरीच कामं अडतात. आपल्याकडे पंचायतीच्या दाखल्यासाठी फेऱ्या मारलेल्या माणसाला हे काही नवं नाही. फरक एवढाच की इथे ओळखीचा कुणी नसतो, आणि असला तरी उपयोग नसतो.

शिकणं कसं असतं? वेळापत्रकात दहा वाजता लिहिलेला तास सव्वादहाला सुरू होतो. हा पाव तास इथल्या विद्यापीठांचा जुना रिवाज आहे, आळस नव्हे. सव्वादहा म्हणजे मात्र सव्वादहाच. पहिल्या दिवशी तास संपला आणि सगळा वर्ग बोटांच्या पेरांनी बाकं ठोकू लागला. मला वाटलं, सरांचं काहीतरी चुकलं. नंतर कळलं, ही टाळी. हजेरी बहुतेक तासांना नाही, वर्षभर कुणी हाक मारत नाही. परीक्षेसाठी नाव स्वतः नोंदवायचं, आणि तारीख चुकली तर चुकली. नापास झालात तर ठरावीकच संधी. त्या संपल्या की नाव कटतं, आणि मग तोच विषय देशात दुसरीकडे घेणंही बहुधा बंद होतं. फी घेत नाहीत, पण जागा मात्र काढून घेतात.

विद्यापीठाला फाटक नाही, हे मला फार दिवस खटकत होतं. रस्ता, बंगले, झाडं आणि मधूनच एखादी प्रयोगशाळा. 1938 च्या डिसेंबरात ओट्टो हान आणि फ्रिट्झ श्ट्रासमान यांना जिथे युरेनियमचं विभाजन सापडलं, ती इमारत आज आमच्याच विद्यापीठाची आहे. विद्यार्थी तिच्या भिंतीला सायकली टेकवतात. तिथून जवळच एक घर आहे. 1920 च्या दशकाच्या अखेरीस इरावती कर्वे तिथे कवट्या मोजत होत्या. वंशश्रेष्ठत्वाच्या मतांसाठी कुप्रसिद्ध असलेले ऑयगेन फिशर त्यांचे मार्गदर्शक होते. फिशरना हवा तो निष्कर्ष इरावतीबाईंनी काढला नाही. आज त्या घरात राज्यशास्त्र शिकवतात.

शहराच्या मध्यभागी त्याच सुमारास राम मनोहर लोहिया प्रबंध लिहीत होते, विषय मिठावरचा कर आणि सत्याग्रह. बर्लिनमध्येच त्यांची असोळण्याच्या ज्युलियांव मिनेझीसशी मैत्री झाली. पुढे विश्रांतीसाठी म्हणून लोहिया या मित्राच्या घरी आले आणि 18 जून 1946 ला पोर्तुगीज राजवटीविरुद्धची मडगावची सभा झाली. आमच्याकडे शाळेत ही तारीख दरवर्षी पाठ करून घेतात, पण तिचं एक मूळ या शहरात आहे हे मला इथे आल्यावरच उमगलं.

तर, हे लोक फी का घेत नाहीत? घेऊन पाहिली आहे. 2005 मध्ये इथल्या घटना न्यायालयाने फीवरची केंद्राची बंदी रद्द केली. मग काही राज्यांनी सहामाहीला पाचशे युरोपर्यंत फी लावली. मुलं रस्त्यावर उतरली. बव्हेरियात 2013 च्या जानेवारीत दोन आठवड्यांत तेरा लाखांहून जास्त मतदारांनी कचेऱ्यांत जाऊन फीविरोधात सह्या केल्या. त्यात आजोबा-आजीही होते, फक्त विद्यार्थी नव्हेत. एकेका राज्याने माघार घेतली. शेवटचं नीडरझाक्सन, 2014 मध्ये. परदेशी मुलांना मात्र ही माफी कायमची आहे असं समजू नये. बाडेन-व्युर्टेमबर्ग 2017 पासून युरोपबाहेरच्यांकडून सहामाहीला दीड हजार युरो घेतं, आणि म्युनिकच्या तंत्रविद्यापीठाने 2024 पासून दोन ते सहा हजारांचा दर लावला. बर्लिनने अजून हात लावलेला नाही. पण शहराची तिजोरी आटलेली आहे आणि विद्यापीठांच्या पैशाला कात्री लागली आहे, तेव्हा आणखी किती वर्षं, कोण जाणे.

मला खरा धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. मी साखळीच्या सरकारी कॉलेजात शिकले. विर्नोड्याचं कॉलेज घरापासून जवळ, पण तिथे कला आणि वाणिज्य. म्हणून डिचोलीला मावशीकडे राहून रोज बसने साखळी. लग्नाकार्यात कुणी विचारलं आणि मी सांगितलं की समोरचा हमखास म्हणायचा, "सरकारी? म्हापशाक मेळूंक ना?" फी कमी म्हणजे माल हलका, हे आमच्या मनात इतकं पक्कं बसलेलं की मीही कॉलेजचं नाव जरा दबक्या आवाजात सांगे. इथे नेमकं उलट. भाषेच्या वर्गातला एक मुलगा एका खासगी संस्थेत वर्षाला हजारो युरो भरून शिकतो. आमच्या जर्मन बाई त्याच्याशी फार हळुवारपणे बोलतात, जसं आपण नापास झालेल्या मुलाशी बोलतो. ज्याला सरकारी विद्यापीठात जागा मिळाली नाही तो पैसे भरतो, असा इथला सरसकट समज. तो बिचारा गावी मात्र भाव खाऊन येतो.

आजीचा प्रश्न राहिलाच. मागीर काय मागतले? गेल्या महिन्यापासून मी आठवड्याला काही तास एका प्रयोगशाळेत काम करते. पहिली पगाराची चिठ्ठी आली, त्यात पेन्शन विम्याची कपात होती. हा देश म्हातारा होत चालला आहे, आणि शिकवलेल्या पोरांनी इथेच राहून कमवावं अशी त्याला आशा आहे. मी आजीला ती चिठ्ठी कॅमेऱ्यासमोर धरून दाखवली. म्हटलं, बघ, इथल्या आज्यांची पेन्शन माझ्या पगारातून जाते.

आजीने चष्मा वर केला. तिला स्वतःला दर महिन्याला गोवा सरकारच्या दयानंद पेन्शन योजनेचे दोन हजार येतात.

"त्यांका किती मेळता गो?" ती म्हणाली. "आमच्या दयानंदापरास चड?"